फ्लॉरेन्सहून एका दिवसात कियांती आणि सिएना: दोघांना जमेल का?

मोगरा_७
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं फ्लॉरेन्सला चार रात्री आहोत. त्यातला एक दिवस कियांतीच्या द्राक्षबागा आणि सिएना शहर यांना द्यायचा बेत आहे. गाडी घ्यावी, बसने जावं की तयार टूर घ्यावी? वायनरी किती धराव्यात, सिएनाला किती वेळ लागतो? मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं, तर जेवणाचं काय? आणि परतताना बाटल्या किती आणता येतात?
टूरवाल्यांच्या जाहिरातींत सिएना, सान जिमिन्यानो, पिसा आणि वाइन असं सगळं एकाच दिवसात दिसतंय. ते खरंच होतं का?

भटकभवानी
होतं की. अष्टविनायक एका दिवसात होतात तसंच. बस थांबते, फोटो निघतो, बस सुटते.
तुमच्या दिवसाचं गणित साधं आहे: एक वायनरी, एक छोटं गाव, एक सिएना. दुसरी वायनरी घातलीत की सिएनाचे दोन तास गेले, कारण वायनरी म्हणजे नुसता पेला नसतो. तळघर, बागेतली चक्कर, मग चव घेणं, यात दीड ते दोन तास सहज जातात. आणि वेळ आधी ठरवून जावं लागतं. रस्त्यात पाटी दिसली म्हणून आत शिरलात तर दुकानातून बाटली मिळेल, तळघर बहुतेक दिसणार नाही.

स्टीअरिंगवाले_काका
गाडी घेणार असाल तर एवढं वाचा.

भारतीय लायसन्सवर इटलीत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सोबत लागतं. आरटीओत फॉर्म ४ए भरायचा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. काही कंपन्या काउंटरवर परमिट न मागता गाडी देतात, पण पोलिसाने अडवलं की तोच मागतो.

गाडी फ्लॉरेन्सच्या गावठाणातून घेऊ नका. पेरेतोला विमानतळावर घ्या. सान्ता मारिया नोव्हेला स्टेशनाजवळून टी२ ट्राम वीसेक मिनिटांत तिथे सोडते. कारण झेडटीएल. जुन्या शहराच्या आत ठरावीक वेळेत फक्त परवानगीच्या गाड्यांना प्रवेश असतो आणि तोंडाशी कॅमेरे लावलेले असतात. कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. मग काही महिन्यांनी भाड्याची कंपनी तुमचा पत्ता पालिकेला कळवल्याचं शुल्क कार्डावरून कापते आणि त्यानंतर दंडाचं पत्र वेगळं येतं. परदेशी पत्त्यावर दंड पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे.  सिएनालाही हेच आहे, आणि गूगलचा नकाशा दरवेळी वाचवत नाही. लाल कड्याचा पांढरा गोल दिसला की गाडी आत घालायची नाही.

पार्किंगच्या रेघा: निळ्या पैसे भरून, पांढऱ्या फुकट, पिवळ्या तुमच्यासाठी नाहीत. पांढऱ्या रेघेशेजारी वेळेची मर्यादा लिहिलेली असेल तर काचेमागे पोहोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती ठेवतात. ती गाडीतच असते, नसेल तर काउंटरवर मागून घ्या.

पेट्रोल म्हणजे बेन्झिना, डिझेल म्हणजे गासोलिओ. 'गास' वाचून घोटाळा करू नका. पंपावर 'सेर्व्हीतो' म्हणजे माणूस भरून देतो आणि दर जास्त लावतो.

तिरकस
काका, एवढं वाचून बस घ्यावीशी वाटायला लागली.

तोस्कानाकर
बसही वाईट नाही, पण ती कुठे चालते आणि कुठे नाही हे समजून घ्या.
फ्लॉरेन्स ते सिएना थेट बस आहे, १३१आर, सव्वा तासाच्या आसपास. नावाच्या शेवटी 'आर' म्हणजे रापिदा. १३१ची साधी बस गावागावांत थांबत जाते. तोस्काना (टस्कनी) प्रांतातल्या सगळ्या बस २०२१पासून आउतोलिनी तोस्काने चालवते, तिकीट त्यांच्या ॲपवर. ट्रेन दीड तास घेते आणि सिएना स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची रांग वर कामोल्लिया दरवाजाच्या बाजूला नेते. बस मात्र थेट वर पियात्सा ग्राम्शीजवळ सोडते, तिथून मुख्य कांपो चौक दहा मिनिटं. म्हणून सिएनासाठी बस, ट्रेन नाही. (इटलीत इतर बहुतेक ठिकाणी मी उलटं सांगेन.)
कियांतीत बसचं जमत नाही. फ्लॉरेन्सहून तिथल्या ग्रेव्हे गावाला ३६५ नंबरची बस जाते, तासभर लागतो. पण ग्रेव्हेहून पुढे त्याच दिवशी सिएना गाठायला सोयीची बस नाही. वायनरी तर गावाबाहेर दोन-चार किलोमीटरवर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला. त्यामुळे बसने 'सिएना आणि ग्रेव्हे' होत नाही, 'सिएना किंवा ग्रेव्हे' होतं.
तिसरा मार्ग: सकाळी बसने सिएना, दुपारी तिथूनच ड्रायव्हरसह गाडी अर्ध्या दिवसासाठी. गायोले किंवा कास्तेल्लिनाच्या बाजूच्या वायनरी सिएनाहून अर्ध्या तासाच्या आसपास आहेत. ही गाडी फ्लॉरेन्सहून घेतलेल्या पूर्ण दिवसाच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते.

भटकभवानी
सकाळी सिएना? मी बरोबर उलटं म्हणेन. साडेदहा ते साडेतीन सगळ्या टूरबस सिएनात ओततात. चारनंतर कांपो चौक मोकळा व्हायला लागतो आणि विटांवर तिरपं ऊन येतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास आहे. सकाळी वायनरी, दुपारी जेवण, चारला सिएना.

जुनेपाने
चारला सिएनाला पोहोचून दुओमो (तिथलं कॅथेड्रल) पाहायचं म्हणजे धावपळ. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाताय, तर दुओमोची फरशी सोडू नका. संगमरवरात कोरलेली, रंगीत दगड बसवलेली ५६ चित्रं आहेत जमिनीवर. वर्षातला बराच काळ ती झाकलेली असतात. उन्हाळ्यात काही आठवडे आणि मग साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी ठेवतात. त्या काळात तिकीट महाग असतं, तरी घ्या.
तिकीट एकत्रित घ्यावं, त्यात पिक्कोलोमिनी ग्रंथालय (पिन्तुरिक्किओची भित्तिचित्रं) आणि फाच्चातोनेही येतं. फाच्चातोने म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या भल्या मोठ्या कॅथेड्रलची भिंत. १३३९मध्ये सिएनाकरांनी ठरवलं की आत्ताचं दुओमो हे नव्या दुओमोचा नुसता आडवा भाग व्हावं, इतकं मोठं नवं बांधायचं. १३४८च्या प्लेगने शहर अर्धमेलं केलं आणि काम थांबलं ते थांबलंच. त्या भिंतीवर चढून कांपो चौक वरून दिसतो. तोर्रे देल मांजा बुरुजाच्या ४००च्या आसपास पायऱ्या चढण्यापेक्षा हे सोपं, आणि इथून बुरूजही फोटोत येतो.
एका वेळी ठरावीक माणसं सोडतात, रांग लागते. आत शिरल्याबरोबर आधी फाच्चातोनेची रांग धरा, फरशी नंतर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

गोडीछाटणी
वाइनबद्दल कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी.

'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासिको म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला मूळ टापू. त्याची हद्द १७१६मध्ये ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून आखली होती. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असेल तर क्लासिको. नुसतं कियांती याच्या आजूबाजूला दूरवर पसरलेलं आहे आणि त्याचे नियम सैल आहेत.

क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेझे (द्राक्षाची जात) लागते. पांढरी द्राक्षं २००६पासून बंद. साधी (आन्नाता) १२ महिने, रिझेर्व्हा २४ महिने, ग्रान सेलेत्सिओने ३० महिने मुरवलेली, आणि या शेवटच्या प्रकाराला द्राक्षं स्वतःच्याच बागेतली हवीत. चव घेताना याच क्रमाने देतात. महाग ती चांगली असं धरून चालू नका. जेवणाबरोबर आन्नाताच रंगते, कारण तिच्यात आंबटपणा ताजा असतो आणि ओकच्या पिंपाची चव द्राक्षावर बसलेली नसते.

आपल्याकडच्या बागाईतदारांनी एक आकडा पाहावा: उत्पादनाची कमाल मर्यादा हेक्टरी ७.५ टन. एकरी जेमतेम ३ टन! खायच्या द्राक्षाला एकरी १० टन निघाले तरी नाशकात कुरकूर ऐकू येते. तिथे जास्त आलेले घड हिरवे असतानाच कापून जमिनीवर टाकतात. दुसरा फरक छाटणीचा. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथे थंडीत वेल आपोआप झोपते, छाटणी एकदाच, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा काढणी चालू असेल किंवा नुकती आटोपली असेल. टाक्यांत रस उकळ्या मारताना दिसेल, वासही येईल. पण लहान वायनरीत मालकच कामात गुंतलेला असतो, त्यामुळे वेळ महिनाभर आधी मेल टाकून ठरवा.

रच्याकने, सांजोव्हेझे पाहायला इटलीच गाठावी लागते असं नाही. अकलूजला फ्रातेल्लीच्या बागांत ती आहे. त्यांची 'सेत्ते' सांजोव्हेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों मिळून बनते आणि वाइन बनवायला कियांतीतलेच पिएरो मासी आले होते. जाण्याआधी एक बाटली घरी उघडा. मग तिथे गेल्यावर नुसती मान हलवावी लागणार नाही.

तिरकस
सोलापूर जिल्ह्यातली वाइन पिऊन इटलीला जायचं आणि तिथे म्हणायचं, "आमच्या अकलूजला असंच असतं." हा प्लॅन आवडला.

लेकुरवाळी
उच्चार 'च्यांटी' नाही का? इतकी वर्षं तेच म्हणतेय.

तोस्कानाकर
कियांती. इटालियनमध्ये 'ch' हा जोड 'क' होतो, म्हणून टोस्टवरचा पदार्थही ब्रुस्केत्ता, 'ब्रुशेटा' नाही. वेटर दुरुस्त करत नाहीत, मनातल्या मनात हसतात.

स्टीअरिंगवाले_काका
पिणं आणि गाडी यावर कोणी बोललं नाही.
इटलीत मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम. लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. (आपल्याकडे १०० मिलीला ३० मिलीग्रॅम, म्हणजे लिटरला ०.३.) वायनरीत चार वाइन, प्रत्येकी ६० मिली धरा: २४० मिली. १४ टक्क्यांनी साडेतेहतीस मिली अल्कोहोल, वजनात २६ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाला एवढ्यातच ०.५च्या आसपास नेऊन ठेवतं, ५५-६० किलोच्या बाईला त्याच्या बरंच वर. वर जेवताना एक पेला घेतलात तर संपलंच. पुढे एसआर २२२, म्हणजे कियान्तिजाना, वळणावळणांचा. सायकलवाले मध्येच, समोरून ट्रॅक्टर.
चव घेऊन थुंकणं हा तिथे शिष्टाचार आहे, उद्धटपणा नाही. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं.

तिरकस
म्हणजे तस्त! पुण्यातल्या वाड्यांतून हद्दपार झालेली तस्त तोस्कानात सुखात आहे तर.

पोटोबा
जेवणाचं मी घेतो. मांस टाळणाऱ्यांसाठी सिएना बरं आहे, पण फसायच्या तीन जागा आहेत.
एक, 'क्रोस्तीनी तोस्कानी' किंवा 'नेरी' हे ब्रेडवर पसरलेलं कोंबडीचं काळीज असतं. वायनरीच्या थाळीत न विचारता येतं. दोन, रिबोल्लीता हे ब्रेड, राजमासदृश पांढरे दाणे आणि काळ्या पालेभाजीचं सूप शाकाहारी म्हणून सांगतात, पण काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी किंवा मांसाचा रस्सा असतो. विचारायचं: "चे कार्ने?" (मांस आहे का?) तीन, पेकोरीनो आणि पार्मिजानो चीज जनावरांच्या रेनेटने (दूध फाडायचा, वासराच्या जठरातला पदार्थ) बनतात. कडक पाळणाऱ्यांना ते चालणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.
निर्धास्त खायचं ते पीची आल्'आल्योने. पीची हे हाताने वळलेले जाड शेवयांसारखे लांब धागे, नुसत्या पिठा-पाण्याचे. आल्योने हा मोठ्या पाकळीचा सौम्य लसूण, टोमॅटोत शिजवलेला. तोस्कानाच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, तो बिघडलेला नाही.
गोड: रिच्चारेल्लीत बदाम आणि अंड्याचा पांढरा भाग. पानफोर्तेत अंडं नाही, सुका मेवा, मध, साखर आणि मसाले. महिनाभर टिकतो, घरी न्यायला हाच.
यजमान मांस खात असतील तर बिस्तेक्काचा भाव नीट वाचा. मेन्यूत 'एत्तो'चा असतो, म्हणजे १०० ग्रॅमचा. तुकडा किलोच्या खाली क्वचित येतो. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो माणशी बसण्याचा आकार, टिप नाही. कांपो चौकातल्या खुर्चीवर कॉफी घ्याल तर खुर्चीचे पैसे. तीच कॉफी गल्लीतल्या काउंटरवर उभ्याने.
दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. तीनला भूक लागली तर सँडविच.

मोगरा_७
सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे. एक सांगायचं राहिलं. नवरा दारू घेत नाही. वाइन मीच घेणार. गाडी तोच चालवतो, लायसन्स बारा वर्षांचं.

तिरकस
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! काकांचे २६ ग्रॅम वाया गेले.

स्टीअरिंगवाले_काका
वाया काही जात नाही, दुसरं कोणी वाचेल. पण आता प्रश्नच मिटला. गाडी घ्या. बुक करतानाच ऑटोमॅटिक मागा, न सांगता मॅन्युअल देतात आणि उजव्या हाताने गिअर टाकत कियान्तिजाना नको. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे.
जाताना ए१वरून फिरेन्झे इम्प्रुनेता, मग एसआर २२२. टोलवर पिवळी टेलेपास रांग टाळा. येताना सिएना-फ्लॉरेन्स जलद रस्ता, टोल नाही, तास-सव्वा तास. कॅमेरे भरपूर, वेगमर्यादा सारखी बदलते.

भटकभवानी
मग दिवस असा: नऊला पेरेतोलाहून निघा. दहाला ग्रेव्हे, तिकोनी पियात्सा मात्तेओत्तीत कॉफी. चौकातला पुतळा जोव्हान्नी दा व्हेर्राझानोचा, न्यूयॉर्कच्या खाडीत १५२४मध्ये शिरलेला दर्यावर्दी. पान्झानोवरून कास्तेल्लिनाकडे, वाटेत साडेअकराची वायनरी. चव घेण्याबरोबर जेवण देणारी निवडलीत तर दुपारचा हॉटेलशोध वाचतो. दीडला निघून कास्तेल्लिनात व्हिया देल्ले व्होल्ते पाहा, तटाला चिकटून गेलेली छताची जुनी गल्ली, वीस मिनिटं पुरे. अडीच-पावणेतीनला सिएना.
न पिणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून ऑलिव्ह तेलाची चव देणारी वायनरी शोधा. बऱ्याच जणांचे स्वतःचे ऑलिव्ह असतात. एकालाच वाइन हवी असेल तर तसं मेलमध्ये लिहा, दुसऱ्याचे पूर्ण पैसे लावू नका म्हणून विचारता येतं.

जुनेपाने
सिएनाला सान्ता कातेरीना पार्किंग धरा, तिथून सरकते जिने थेट दुओमोच्या बाजूला वर सोडतात. तीनला दुओमो, पाचला पालात्सो पुब्लिको. तिथे लोरेंझेत्तीचं 'सुशासन आणि कुशासन' हे भित्तिचित्र आहे, १३३८-३९चं. सुशासनाच्या भिंतीवर एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला तटाबाहेरची शेतं, बागा, टेकड्या, माल घेऊन जाणारी जनावरं. सकाळी ज्या रस्त्याने आलात तोच मुलूख. म्हणून मी सिएना दुपारी या मताकडे आता वळलोय, भटकभवानी.
कांपो चौकाच्या फरशीचे नऊ भाग मोजा. १२८७ ते १३५५ शहर चालवणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती खूण मानतात. उताराच्या विटांवरच बसायचं, सगळे बसतात.

लेकुरवाळी
ती घोड्यांची शर्यत याच चौकात ना?

जुनेपाने
हो, पालिओ. २ जुलै आणि १६ ऑगस्ट. १७ कोन्त्रादांपैकी १० धावतात, खोगिराशिवाय, तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत खेळ आटोपतो. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी तोच जिंकतो. कोन्त्रादा म्हणजे आपल्या पेठा; फक्त यांच्या नावात गोगलगाय, घुबड, सुरवंट, कासव. गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत लावलेल्या चिन्हावरून हद्द कळते. त्या दोन तारखांना हा बेत करायचा नाही, गाडी शहराजवळही लागत नाही.

गोडीछाटणी
बाटल्यांचं राहिलं. भारतात माणशी २ लिटर मद्य ड्यूटीशिवाय. ७५० मिलीच्या दोन म्हणजे दीड लिटर. दोघांचे मिळून ४ लिटर म्हणून पाच बाटल्या, असं चालत नाही; सवलत एकमेकांत मिसळता येत नाही. उरलेल्या अर्ध्या लिटरात व्हिन सान्तो बसते, ती ३७५ किंवा ५०० मिलीत मिळते. सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, कान्तुच्ची बिस्किट बुडवून खातात. सगळं चेक-इन बॅगेत, बाटली मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. वायनरीला पार्सल पाठवायला सांगू नका, वाहतूक आणि ड्यूटी मिळून बाटलीपेक्षा महाग पडतं.

मोगरा_७
ठरलं. शनिवार किंवा रविवार धरते, सोमवारी रोमला निघायचंय.

तोस्कानाकर
दोन्ही नको! शनिवारी सकाळी ग्रेव्हेच्या चौकात आठवडी बाजार असतो, गाडी लावायला जागा नाही. रविवारी लहान वायनरी बंद, बऱ्याच पंपांवर माणूस नसतो, मशीनच्या भरवशावर राहावं लागतं, आणि दुओमो दुपारी दीडनंतरच उघडतं, त्यामुळे सकाळची सगळी गर्दी तेव्हाच आत शिरते. गुरुवार-शुक्रवार मोकळा नाही का?

मोगरा_७
गुरुवारी उफीत्सीची तिकिटं आहेत. शुक्रवार करते. वायनरीला आजच मेल टाकते, एक पिणारी, एक न पिणारा असं लिहून.

तिरकस
आणि तस्त एकच लागेल, तेही लिहा.